बाळाच्या तोंडातील थ्रशसाठी क्लोट्रिमाझोल माउथ पेंट: वापरानंतरचा अभिप्राय

अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे उठले की आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ अनेकदा क्लोट्रिमाझोलचे एक टक्का माउथ पेंट लिहून देतात. औषधाच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळणारी ही छोटी बाटली आमच्या घरी बाळ अगदी लहान असतानाच आली. ती कशी वापरायची, काय अपेक्षा ठेवायची आणि कोठे सावध राहायचे, हे मराठीत सविस्तर लिहिलेले त्या वेळी मला हाताशी मिळाले नाही, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच घटक याच प्रमाणात एकाहून अधिक कंपन्या विकतात. माझे मत आधीच सांगते. औषध म्हणून ही बाटली विश्वासाची आहे. मात्र ती फक्त बाळाच्या तोंडात घालून अनेकदा भागत नाही. आईचीही तपासणी व्हावी लागते आणि तिलाही संसर्ग असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी सुरू करावे लागतात. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला मिळालेल्या खोक्यावर नव्हती आणि आतल्या कागदावरही नव्हती. औषधाला मी पाचपैकी चार गुण देईन. वेष्टण आणि माहितीपत्रक यांना दोनपेक्षा अधिक देता येत नाहीत.

थ्रश म्हणजे कॅन्डिडा या बुरशीचा, बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स या जातीचा, संसर्ग. ही बुरशी पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि त्वचेवर थोड्या प्रमाणात असते आणि एरवी तिचा काही त्रास होत नाही. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती अजून घडत असते, तोंडातल्या उपकारक जीवाणूंचा जम बसलेला नसतो, त्यामुळे तिला तेथे वाढायला वाव मिळतो. काही बाळांना ती जन्माच्या वेळी आईच्या योनिमार्गातून मिळते. आईला किंवा बाळाला प्रतिजैविके दिली गेली असतील, तर जीवाणू कमी होतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. माझे सिझेरियन झाले होते आणि त्यानंतर मला प्रतिजैविके सुरू होती; आमच्या बाबतीत तेच कारण असावे, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. म्हणजे आईच्या हातून स्वच्छतेत काही कमी राहिले म्हणून बाळाचे तोंड आले, असा अर्थ कोणी काढू नये. बाळंतिणीला आधीच पुष्कळ काही ऐकून घ्यावे लागते, त्यात ही भर नको.

औषध विकत आणण्यापूर्वी तोंडात दिसते आहे तो थ्रशच आहे ना, याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. केवळ दुधावर असणाऱ्या बाळाच्या जिभेवर पांढरट थर असणे अगदी नेहमीचे आहे. हा थर फक्त जिभेवर असतो आणि उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने हलके टिपले की बराचसा निघून येतो. थ्रशचे चट्टे जिभेपुरते राहत नाहीत. बाळ रडायला लागले आणि तोंड पूर्ण उघडले, तेव्हा खिडकीच्या उजेडात मला ते नीट दिसले: गालाच्या आतल्या बाजूला आणि खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या कडेला, दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसे, कडा थोड्या उंचावलेले. कापडाने टिपून ते हलले नाहीत. असे चट्टे जोराने खरवडले तर खालची जागा लाल आणि सोलवटलेली दिसते, कधी रक्तही येते, म्हणून ते नखाने किंवा खरखरीत कापडाने काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. दुसरी खूण पिण्यातली. बाळ भुकेने स्तनाला लागते, दोन-चार घोट घेते, सोडून रडते आणि पुन्हा शोधू लागते. सगळीच बाळे असे करत नाहीत. काहींना चट्टे असूनही काही दुखत नाही आणि ती नेहमीसारखी पितात.

आता बाटलीविषयी. औषध पारदर्शक आणि किंचित दाट असते, त्यामुळे ते लावलेल्या जागी थोडा वेळ टिकते. क्लोट्रिमाझोल बुरशीच्या पेशीचे आवरण घडू देत नाही. त्या आवरणासाठी लागणारा अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ तयार होण्याची प्रक्रिया ते रोखते, आणि आवरण कमकुवत झाले की बुरशी वाढू शकत नाही. हे काम होण्यासाठी औषध चट्ट्यांच्या संपर्कात राहणे आवश्यक असते; गिळून पोटात गेलेल्या थेंबाचा तोंडातल्या चट्ट्यांना उपयोग होत नाही. म्हणून ते दूध पाजण्यापूर्वी घालायचे की नंतर, जिभेवर टाकायचे की गालाच्या आत फिरवायचे, हे तपशील परिणामाच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. माझ्या खोक्यातील कागदावर याविषयी एक ओळ होती, तीही बारीक इंग्रजी अक्षरांत, आणि 'डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे' एवढ्यावर संपणारी. लावण्यासाठी सोबत कांडी किंवा मापाचा ड्रॉपर नव्हता. रात्री अर्धवट झोपेत, एका हाताने बाळाला धरून, बाटलीच्या तोंडातून नेमका थेंब पाडणे कठीण जाते, आणि एका तान्ह्या जिवासाठी वापरायच्या औषधात ही सोय नसावी, याचे मला खरोखर वाईट वाटते. जे औषध गावोगावच्या आयांच्या हातात जाणार आहे, त्याच्या खोक्यात मराठीतल्या चार स्पष्ट ओळी असणे ही फार मोठी अपेक्षा नाही.

आमच्या डॉक्टरांनी मात्र पाच मिनिटे काढून पद्धत दाखवली, आणि तीच येथे सांगते. औषधाचे प्रमाण प्रत्येक बाळाच्या वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे डॉक्टरच ठरवतील. दूध पाजून झाले की थोड्या वेळाने, म्हणजे पुढचे पाजणे बरेच लांब असताना, औषध लावावे. आधी हात साबणाने धुवावेत. बाळाला दुपट्यात सैलसर गुंडाळून मांडीवर घ्यावे, डोके किंचित उंच ठेवावे. स्वच्छ कापसाच्या काडीवर औषधाचा थेंब घ्यावा, हनुवटीवर बोट ठेवून हलकेच खाली दाबावे, की तोंड आपोआप उघडते. प्रथम एका गालाच्या आत, मग दुसऱ्या, मग ओठाच्या आत आणि शेवटी जिभेच्या पुढच्या भागावर ती काडी फिरवावी. घशाकडे मागे जाऊ नये. उबळ येते आणि आतापर्यंत लावलेले सगळे बाहेर येते. वापरलेली काडी पुन्हा बाटलीत बुडवू नये, प्रत्येक वेळी नवी घ्यावी. या शेवटच्या सूचनेकडे घरोघरी दुर्लक्ष होते, आणि तोंडातली बुरशी बाटलीत नेण्याचा तो सरळ मार्ग आहे. सुरुवातीला बाळाने तोंड वेडेवाकडे केले, ओठाच्या कडेने थोडे औषध ओघळले, पण नंतर ते सवयीचे झाले.

परिणामाबद्दल सांगायचे तर पहिल्या दोन-तीन दिवसांत डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही आणि तेवढ्यात धीर सुटू शकतो. त्यानंतर चट्ट्यांच्या कडा विरळ होऊ लागल्या आणि आठवडाभराच्या आसपास गाल आतून गुलाबी दिसू लागले. चट्टे गेले म्हणून औषध लगेच थांबवू नये. तोंड स्वच्छ दिसू लागल्यावरही आणखी दोन दिवस ते चालू ठेवण्याची सूचना अशा औषधांबाबत सहसा दिली जाते, कारण डोळ्यांना न दिसणारी बुरशी शिल्लक राहिली तर थोड्याच दिवसांत तेच चट्टे पुन्हा उठतात. ज्या ओळखीच्या आयांनी 'औषध लागू पडले नाही' असे मला सांगितले, त्यांच्यापैकी बहुतेकींनी एक तर ते मधेच सोडले होते किंवा स्वतःच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांना सांगितलेच नव्हते.

हे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बाळाचे तोंड आणि आईचे स्तनाग्र यांचा दिवसातून आठ-दहा वेळा संबंध येतो. एका बाजूला संसर्ग असेल तर तो दुसरीकडे जातो, आणि एकाच बाजूला औषध लावले तर बरा झालेला पुन्हा आजारी पडतो. आईच्या बाजूने दिसणाऱ्या खुणा म्हणजे स्तनाग्रांची जळजळ, खाज, त्वचा नेहमीपेक्षा गुलाबी, चकचकीत किंवा सुटलेल्या पापुद्र्यांची दिसणे, आणि आधी विनात्रास पाजत असताना एकाएकी दोन्ही बाजूंना दुखू लागणे. आपल्याकडे ही तक्रार सांगायला संकोच वाटतो. बाळाला घेऊन दवाखान्यात गेलेली आई बाळाचेच सांगते, स्वतःचे घरी घेऊन परत येते. बालरोगतज्ज्ञांकडे गेलात तरी, कृपा करून, आपल्याला दुखत असेल तर त्याच भेटीत सांगा. मला स्तनाग्रांसाठी वेगळे बुरशीनाशक मलम लिहून देण्यात आले. ते पाजून झाल्यावर पातळ थरात लावायचे आणि पुढच्या वेळी पाजण्यापूर्वी दिसणारे मलम हलके टिपून काढायचे, एवढे पथ्य होते. पाजणे थांबवण्याची गरज नसते. हे ठळकपणे सांगणे आवश्यक आहे, कारण 'तोंड बरे होईपर्यंत वरचे दूध द्या' हा सल्ला आजही दिला जातो. त्याने बाळाचे नुकसान होते आणि आईचे दूध साठून स्तन दगडासारखे होतात ते वेगळेच.

याच मलमाच्या बाबतीत औषधाच्या दुकानात मला एक अनुभव आला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिहून दिलेले मलम शिल्लक नव्हते, तेव्हा काउंटरवरील गृहस्थांनी 'हे त्याहून भारी आहे' म्हणून दुसरी ट्यूब पुढे केली. त्यावर क्लोट्रिमाझोलचे नाव होते खरे, पण त्याखाली बारीक अक्षरांत एक स्टेरॉइड आणि एक प्रतिजैविकही होते. अशी मिश्र मलमे आपल्याकडे सर्रास विकली जातात. स्टेरॉइडने लाली आणि खाज लगेच कमी होते, रुग्णाला बरे वाटते आणि त्वचेची बुरशीशी लढण्याची ताकद कमी झाल्याने संसर्ग आतल्या आत पसरत राहतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडयुक्त अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री करण्यास मनाई केली, ती याच गैरवापरामुळे. बाळाच्या तोंडाशी ज्या त्वचेचा संबंध येतो, तेथे असे मिश्रण स्वतःच्या किंवा दुकानदाराच्या मनाने लावणे मुळीच योग्य नाही. ट्यूब हातात घेतल्यावर नाव वाचून थांबू नका, खालचे सगळे घटक वाचा, आणि चिठ्ठीवर नसलेला एकही घटक दिसला तर ती परत करा.

येथे एक खुलासा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. पाजताना होणारी प्रत्येक वेदना बुरशीची नसते. बाळाने स्तनाग्राचे फक्त टोक तोंडात धरले, काळसर भाग पुरेसा आत घेतला नाही, तर भेगा पडतात आणि प्रचंड दुखते. त्यावर बाळ धरण्याची पद्धत सुधारणे हाच उपाय आहे. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसूनही स्तनाग्र पांढरे पडते आणि ठणका लागतो. एखाद्या साबणाची किंवा मलमाची ॲलर्जी झाली तर तेथील त्वचा लाल होऊन खाजते. या सगळ्यांना सरसकट थ्रश ठरवून आठवडेच्या आठवडे बुरशीनाशक लावणाऱ्या आयांना आराम पडत नाही आणि औषधाला दोष मिळतो. बाळाच्या तोंडात काहीच नसताना फक्त आईला दुखत असेल, तर स्तनपान सल्लागाराकडून किंवा प्रसूती झाली तेथील अनुभवी परिचारिकेकडून आधी पाजणे प्रत्यक्ष पाहून घ्यावे. खेड्यात हे सांगायला आशाताई असतात. रुग्णालयात प्रसूती झाली असली तरी त्या नवजात बाळाला भेटायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणे अपेक्षित असते. त्या आल्या की बाळाचे तोंड त्यांना उजेडात दाखवावे.

इतर औषधांशी तुलना करायची तर सर्वांत जुने म्हणजे जांभळे जेन्शन व्हायोलेट. आपल्या आधीच्या पिढीतील पुष्कळांना दवाखान्यात तोंडभर हे औषध लावून घेतल्याचे आठवत असेल. ते स्वस्त आहे, बुरशीवर चालतेही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या बालआजार मार्गदर्शिकेत ते सौम्य करून, म्हणजे ०.२५ टक्के प्रमाणात, वापरण्यास सांगितलेले होते. मात्र जास्त तीव्र द्रावणाने तोंडात व्रण पडू शकतात, आणि २०१९ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने कर्करोगाच्या संभाव्य धोक्यामुळे ते माणसांसाठी न वापरण्याचा इशारा दिला. हाती दुसरे औषध असताना मी ते निवडणार नाही. मायकोनाझोलचे तोंडात लावण्याचे जेल प्रभावी आहे, पण ते चिकट असल्याने घशात अडकून लहान बाळाचा श्वास कोंडू शकतो. म्हणूनच युरोपात चार महिन्यांखालील बाळांना ते देऊ नये असे स्पष्ट लिहिलेले असते, आणि बाळाला मिळावे म्हणून स्तनाग्राला लावण्यासही मनाई आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मैत्रिणींना बहुधा निस्टॅटिनचे द्रावण मिळते. १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन संशोधक स्त्रियांनी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करताना ते शोधले. ते आतड्यातून जवळपास शोषले जात नाही, त्यामुळे तान्ह्या बाळांसाठी ते सुरक्षित मानले जाते. तेही चट्ट्यांवर नीट पसरवावे लागते आणि दिवसातून चार वेळा द्यावे लागते, म्हणजे कष्ट तेवढेच.

आणि घरगुती उपाय. टाकणखाराची लाही मधात खलून बाळाच्या जिभेला लावणे हा अनेक मराठी घरांत अजूनही चालत आलेला उपाय आहे, आणि सांगणाऱ्या आजींच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु टाकणखार म्हणजे बोरॅक्स. ते बाळाच्या शरीरात साठत जाते आणि मध-बोरॅक्सच्या चाटणाने तान्ह्या बाळांना झटके आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. बोरोग्लिसरीनलाही हाच आक्षेप लागू पडतो. शिवाय एक वर्षाखालील बाळाला मध देऊच नये, कारण त्यातील विशिष्ट जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा सासूबाईंना डॉक्टरांनीच समोर बसवून हे समजावले, आणि त्यांनी ते लगेच मान्य केले. घरातल्या वडीलधाऱ्यांना दवाखान्यात सोबत नेणे हा वाद टाळण्याचा उत्तम मार्ग आहे.

औषध सुरू असताना बाळाच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू रोज उकळणे गरजेचे असते. बोंडले, वाटी-चमचा, चोखणी, दूध काढण्याच्या पंपाचे दुधाशी संबंध येणारे भाग, सगळे. रबर आणि सिलिकॉनच्या खाचांत बुरशी टिकून राहते. आईचे आतले कपडे आणि छातीशी ठेवायच्या कापडी घड्या ओल्या राहू देऊ नयेत, गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवाव्यात. याच काळात लंगोटाच्या जागी लालभडक पुरळ आणि त्याच्या कडेने सुटे लाल ठिपके दिसले, तर तीही बहुधा हीच बुरशी असते. तोंडाचे औषध तेथे लावू नये, त्यासाठी वेगळे मलम मिळते.

हे माउथ पेंट कोणी घ्यावे, याचे माझे उत्तर सोपे आहे: ज्या बाळाचे तोंड डॉक्टरांनी पाहिले आहे आणि ज्यासाठी ते लिहून दिले आहे, त्याने. बाळाला ताप असेल, ते पिणे सोडत असेल, शू नेहमीपेक्षा कमी होत असेल, किंवा बाळ वेळेआधी जन्मलेले आणि कमी वजनाचे असेल, तर बाटलीच्या भरवशावर थांबू नये. सात दिवस नियमित लावूनही चट्टे तसेच राहिले, किंवा बरे होऊन पुन्हा पुन्हा उठत राहिले, तरीही पुन्हा दाखवावे; अशा वेळी औषध बदलावे लागते आणि कधी प्रतिकारशक्तीची तपासणीही करावी लागते. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहून ठेवावी, आणि उरलेले औषध पुढच्या बाळंतपणासाठी जपून ठेवू नये किंवा शेजारच्या बाळासाठी देऊ नये.